दाजींची गाडी आणि तुझं शहाणपण

'वाहन चालवणाऱ्याचे नाव' या रकान्यात दाजींचं नाव टाकायचं, एवढंच ना? आणि त्याला माझी संमती हवी म्हणून सकाळी सकाळी दारात उभा राहिलास. 'मॅडम, इन्शुरन्स त्यांच्याच नावावर आहे, मग चालवणारे तेच दाखवलेले बरे ना?' शाबास! बारावीला मी तुला ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन, शिकवलं. विम्याची तत्त्वं हा हमखास येणारा प्रश्न. तो तू घोकलास, उत्तरपत्रिकेत ओकलास आणि बाहेर पडताना अक्कल पर्यवेक्षकाकडे जमा करून आलास. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार, ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट दडवायची नाही, हे त्यातलं पहिलं तत्त्व. मी ते फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि आज तू त्याच विम्याच्या फॉर्मवर धडधडीत खोटं लिहायला निघालास.

कोणी सुचवलं हे? गॅरेजवाल्याने? त्याला बंपर बदलता येतो म्हणून कायदाही कळतो, असं वाटलं तुला? उद्या दाढ दुखली तर न्हाव्याकडे जाशील.

यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ऐक. खोटं बोलायची गरजच नव्हती. पॉलिसी आणलीयस ना? उलट पान. 'ड्रायव्हर्स क्लॉज' म्हणून चार ओळी आहेत. वाच मोठ्याने. अडतोस कशाला, मीच सांगते. विमेदार स्वतः किंवा दुसरी कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते. अट एवढीच, की अपघाताच्या वेळी तिच्याकडे मुदतीतलं लायसन्स हवं आणि लायसन्स बाळगायला ती अपात्र ठरलेली नसावी. कोणीही, म्हणजे त्यात दाजी आले, तू आलास, लायसन्स असेल तर ही शेजारची मावशीही आली. आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीवर असतो. चालवणारा बदलला म्हणून तो उतरत नाही. तुझा इंग्लंडला गेलेला मित्र काय सांगतो ते सोड. तिकडे पॉलिसीवर ज्यांची नावं असतात त्यांनीच गाडी चालवायची, अशी सर्रास पद्धत आहे. तू ऐकलंस तिकडचं आणि लावलंस इथल्या गाडीला.

अजून एक कलम दाखवते. दुसऱ्याला झालेल्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी कंपनी घेते, ती फक्त मालकापुरती नाही. मालकाच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्याचीही घेते. मात्र त्याने पॉलिसीच्या सगळ्या अटी जणू तोच विमेदार आहे अशा पाळल्या पाहिजेत. कळलं? परवानगी हवी आणि अटी पाळायला हव्यात. ताईने स्वतःच्या हाताने किल्ली दिली, लायसन्स तुझ्या खिशात होतं, दारू प्यायलेला नव्हतास, भाडं घेत नव्हतास. म्हणजे कुंभार्ली घाटात वळणावर तू त्या दुचाकीवाल्याला उडवलंस आणि गाडी कठड्यावर घासलीस, तेव्हाही विमा तुझ्या पाठीशी होता. त्याला तू आज आपणहून लाथ मारणार होतास.

कंपनीला काय कळणार, असं म्हणालास मघाशी. कळत नाही असं वाटतं तुला? शनिवारी दुपारी दाजी कुठे होते? चाकणला, दुसऱ्या पाळीला, पंच करून आत. त्यांची हजेरी तिथे आणि गाडी हेळवाकच्या खाली! तुझ्या कपाळाला पाच टाके पडले, ते घाट उतरल्यावर सरकारी दवाखान्यात घातले. तिथल्या केसपेपरवर काय लिहिलंय? 'कार चालवताना अपघात.' डॉक्टरला तूच सांगितलंस. पोलिसांनी पंचनामा केला, त्यात चालक म्हणून तुझं नाव. दुचाकीवाल्याने तुझा चेहरा पाहिला, त्याला उचलायला धावलेल्या चार माणसांनी पाहिला. सर्व्हेअर येतो तो काही फक्त पत्रा मोजायला येत नाही. त्याला शंका आली की कंपनी तपासनीस लावते, तो दवाखान्यात जातो, पोलिस ठाण्यात जातो, मोबाइल कुठे होता ते विचारतो. एका कागदावर तू आणि दुसऱ्या कागदावर दाजी दिसले, की मिळणारा क्लेमही बुडतो. चूक म्हणून नाही बुडत, लबाडी म्हणून बुडतो. वर फसवणुकीची तक्रार झाली तर ती फॉर्मवर सही करणाऱ्यावर.

आणि दाजींचा विचार केलास? दुचाकीवाल्याचा हात मोडलाय. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. बेदरकारपणे गाडी चालवल्याचा फौजदारी गुन्हा चालवणाऱ्यावर लागतो, मालकावर नाही, आणि तो गुन्हा कोणतीही इन्शुरन्स कंपनी आपल्या अंगावर घेत नाही. म्हणजे स्वतःची मान सोडवायला ज्यांच्या घरची गाडी घेतलीस त्यांचीच मान तू पुढे करणार. उद्या कंपनीने त्यांना परदेशी पाठवायचं ठरवलं आणि पासपोर्टच्या चौकशीत हा गुन्हा निघाला, तर काय सांगतील? 'मेव्हण्याचा क्लेम व्हावा म्हणून मी गुन्हेगार झालो'? पुण्याचं विसरलास? १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर घरच्या ड्रायव्हरने 'गाडी मीच चालवत होतो' म्हणावं म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप झाला आणि घरच्यांवर वेगळा गुन्हा दाखल झाला. तुझं प्रकरण त्या मानाने किरकोळ आहे, मान्य. पण 'दुसऱ्याचं नाव टाकू' ही बुद्धी त्याच जातीची आहे.

आता मुळावर ये. 'दाजींची गाडी, दाजींची गाडी' असा जप चाललाय तुझा. आरसी पाहिलीस? वाच नाव. कोणाचं आहे? ताईचं. बायकांच्या नावावर कर्ज काढलं की बँक व्याजात थोडी सूट देते, म्हणून आरसीवर ती, पॉलिसीवरही ती. दाजींचा त्या कागदांवर कुठे ठिपकासुद्धा नाही. क्लेम फॉर्मवर सही ताईची लागणार. म्हणजे तुझी लबाडीसुद्धा चुकीच्या माणसाच्या नावाने! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. गणपतीला ताई-दाजी आले, दाजी एसटीने परत गेले, ताई पोराला घेऊन राहिली आणि गाडी दारात दिसली, की तुला गुहागरचा समुद्र दिसायला लागला. किल्ली उचलायच्या आधी डिजिलॉकर उघडून आरसी आणि पॉलिसी बघायला किती वेळ लागला असता? गाडीचा नंबर टाकला की एमपरिवहनवर विम्याची मुदत दिसते. रील बघण्यापलीकडे त्या फोनला दुसरं काही करता येतं, हे तुला आज मी सांगायचं?

आणि बघताना तारीख एक नाही, दोन बघायच्या. इथे भलेभले फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि दुचाकीला पाच वर्षांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हे आलं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, ओन डॅमेज म्हणतात तो, बऱ्याच वेळा एका वर्षाचाच असतो. मालक ऐटीत सांगतो, 'इन्शुरन्स आहे की अजून दोन वर्षं.' असतो थर्ड पार्टी. ओन डॅमेज कधीच संपलेला असतो. अशी गाडी तू ठोकलीस तर समोरच्या माणसाची भरपाई कंपनी देईल आणि गाडीच्या पत्र्याचा रुपयान् रुपया तुझ्या नाहीतर ताईच्या पदरचा. तुझं नशीब, ताई व्यवस्थित आहे. तिने दरवर्षी ओन डॅमेज भरलाय. तुझ्यासारखी असती तर आज ओरडायलाही काही उरलं नसतं.

मालकाचं नाव बघण्याला आणखी एक कारण आहे. सेकंडहँड घेतलेली गाडी पुष्कळदा आरसीवर जुन्याच मालकाच्या नावाने फिरत असते आणि पॉलिसीही त्याच्याच नावावर असते. गाडी हस्तांतर झाल्यावर थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, पण ओन डॅमेज येत नाही. ती पॉलिसी १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावी लागते. 'पुढच्या महिन्यात करतो' म्हणणाऱ्या मित्राची गाडी घेऊन गेलास तर नुकसानीचा क्लेम करायला कोणी वालीच नाही. विकणाऱ्याचा त्या गाडीशी आता काही संबंध राहिलेला नाही, घेणाऱ्याचं पॉलिसीवर नाव नाही. विमाहित म्हणजे काय, यावर टीप लिहा. चार मार्क. लिहिली होतीस ना?

इतका वेळ पत्र्याचं बोलले. आता तुझ्या जिवाचं बोलते, त्याचा तर तू विचारच केलेला नाहीस. कठडा होता म्हणून वाचलास. नसता तर? ताईच्या पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे, २०१८ पासून तो तेवढ्या रकमेचा सक्तीचा झालाय. तुझ्या आईला वाटलं असतं, निदान ते पैसे येतील. एक दमडी आली नसती. त्याचं नाव वाच, 'ओनर-ड्रायव्हर'. जो नोंदणीकृत मालक आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे, त्याच्यापुरताच तो आहे. तू मालक नाहीस. रोज गाडी चालवतात ते दाजीही मालक नाहीत! ताईने लायसन्स काढलंय म्हणून तिला तरी तो लागू आहे. घराघरांत हीच गत आहे: गाडी बायकोच्या नाहीतर वडिलांच्या नावावर, चालवणारा मुलगा किंवा नवरा, आणि १५ लाखांचा हप्ता भरला म्हणून सगळे निर्धास्त. तुझ्या स्वतःच्या बाईकवर असा कव्हर आहे, तो तर इथे येईल ना, असं विचारू नकोस. तो तुझ्या मालकीच्या वाहनापुरता आहे. दुसऱ्याच्या गाडीत तो तुझ्याबरोबर बसत नाही.

मग थर्ड पार्टी म्हणून भरपाई मिळेल? तेही ऐक. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातलं एक प्रकरण आलं. एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतली होती. इलकलहून गावाकडे निघाला, पुढची लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे, चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक हिशोबाने मिळणारी भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, ज्याने गाडी मागून घेतली तो त्या वेळी मालकाच्या जागी उभा असतो. भरपाई द्यायची ती मालकाने, आणि मालकाच्या जागी तोच. मग स्वतःच स्वतःकडून भरपाई कशी घेणार? समोरच्याची चूक असेल तर त्याच्यावर दावा लावता येतो, ती गोष्ट निराळी. पण शनिवारी घाटात समोरच्याची चूक होती का? वळणावर ओव्हरटेक कोण करत होतं? गप्प बसलास. म्हणजे उत्तर माहीत आहे. दुसऱ्यांच्या गाड्या चालवायची एवढी हौस असेल तर स्वतःच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा घे. कुठल्याही गाडीत, एसटीत, रस्त्यावर चालतानाही तो तुझ्याबरोबर राहतो. महिन्याला वडापाववर उडवतोस त्याहून जास्त पैसे लागत नाहीत.

मागे दोघे मित्र बसले होते ना? त्यांचंही सांगते. ताईची पॉलिसी पॅकेज आहे, म्हणजे ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी दोन्ही, म्हणून गाडीत बसलेल्यांच्या इजेची जबाबदारी त्यात येते. नुसतं थर्ड पार्टी असलं तर खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस कंपनीच्या लेखी थर्ड पार्टी धरला जात नाही. त्यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागे बसलेल्याच्या विरोधातच निकाल दिला होता. मित्रांना समुद्र दाखवायला नेताना आपण त्यांना कशाच्या भरवशावर बसवतोय, हे विचारायची तुला गरज वाटली नाही.

पैसे घेतलेस का त्यांच्याकडून? पेट्रोलची कॉन्ट्री काढली, ठीक आहे. मित्रांनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि सीटमागे दर ठरवून माणसं बसवणं वेगळं. पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' आहे, तिथे भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर चालणार नाही असं लिहिलंय. दिवाळीत गोव्याला जाणार आहात, तिथे हे ध्यानात ठेव. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी हातात ठेवून 'ओळखीतली आहे, कोणी विचारलं तर माझ्या चुलत्याची म्हणून सांगा' असं म्हणणारा कोणीतरी भेटेलच. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीच्या गाडीचं भाडं भरलंस की पॉलिसीची अट तिथेच मोडली. चुलत्याचं नाव सांगून पोलिस एखादवेळ फसेल, कंपनीचा वकील फसणार नाही.

आता ती गोष्ट, जी तू मघाशी घाईघाईत बोलून गेलास. 'कोयनानगरच्या सपाट रस्त्यावर मामेभावाला जरा हातात दिली होती.' कितीचा आहे तो? सतरा. सतरा! आणि हे तू हसत सांगितलंस. अरे, अपघात त्याच्या हातून झाला असता तर? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलंय. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, की पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मालक कोण? ताई. ती घरी मोदकांचं सारण ढवळत होती आणि तू तिच्या नावावर तुरुंगाचं कलम ओढवून घेत होतास. आपल्याला माहीत नव्हतं हे तिने सिद्ध केलं तर सुटेल, पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या तीच चढेल.

विम्याचं काय झालं असतं? बिनलायसन्सच्या हातून माणूस जखमी झाला की न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला म्हणतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. वकिलांच्या तोंडी 'पे अँड रिकव्हर' असतं ते हेच. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एक बरं केलं. लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनी सुटत नाही, मालकाने हयगय केली किंवा जाणूनबुजून अट मोडली हेही तिला दाखवावं लागतं. ताईने किल्ली तुला दिली होती, त्या पोराला नव्हे, असं तिला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे कोर्टात उभं राहून सख्ख्या भावाकडे बोट दाखवायचं. ती वेळ तिच्यावर आणणार होतास. माणसाच्या शरीराच्या नुकसानीला थर्ड पार्टीत मर्यादा नाही, लाखांत निकाल लागतात. तेवढी रक्कम वसुलीला आली तर ताईचं घर विकायला निघेल.

तुझ्या लायसन्सची मुदत कधी संपते? पाकीट काढ. हं, पुढच्या वर्षी. आत्ताच लिहून ठेव. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस ते चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. एक दिवस उलटला तरी तू बिनलायसन्सचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो, आणि संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट. आरटीओत रांगेत उभा राहून आठ काढून दाखवशील, सगळ्या पोरांसमोर.

आणि काय केलंस, घाटात त्या माणसाला पाच हजार देऊन 'जागेवर मिटवलं'? कोणाला विचारून? पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलंय, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, काही देऊ करायचं नाही, वचन द्यायचं नाही. तू पाच हजार दिलेस आणि वर कागदावर 'माझी चूक' म्हणून लिहूनही दिलंस. त्या कागदाने त्याचा भरपाईचा हक्क गेला असं वाटतं का तुला? तो उद्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल, चालक, मालक आणि कंपनी तिघांनाही पक्षकार करील, आणि जावंच त्याने. उजवा हात मोडलाय, गवंडीकाम करतो म्हणालास. त्याची मजुरी बुडाली. पाच हजारांत मिटतं हे? एक काम मात्र बरोबर केलंस, त्याला सोडून पळाला नाहीस, दवाखान्यात नेलंस. कायद्याने ते करणं भागच आहे, म्हणून शाबासकी देत नाही. नुसती नोंद घेते.

पैशाचा हिशोब कर आता. मी नाही करणार, तू कर, सगळं आयतं नको. गाडीला तिसरं वर्ष. क्लेम मंजूर झाला तरी पहिले हजार रुपये आपले, ती सक्तीची वजावट. इंजिन १५०० सीसीच्या वर असतं तर दोन हजार. ताईने झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, घेतलेलं नाही. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याच्या किमतीतला निम्माच पैसा मिळणार. दरवाजाचा पत्रा, गाडीचं वय दोन ते तीन वर्षं, म्हणून पंधरा टक्के कापून. काचेला कपात नाही, पण तुझी काच फुटलेलीच नाही. नुकसान असं झालंय, की जिथे कपात जास्त तिथेच लागलंय.

याच्या वर नो क्लेम बोनस. दोन वर्षं क्लेम नाही, म्हणून ताईला ओन डॅमेजच्या हप्त्यात पंचवीस टक्के सूट मिळत होती. यंदा पस्तीस झाली असती, मग पंचेचाळीस, मग पन्नास. तुझ्या एका ओव्हरटेकने ती शून्यावर आली. समज हप्ता दहा हजारांचा, तर पुढच्याच नूतनीकरणाला साडेतीन हजार जास्त, आणि पुढे शिडी पहिल्या पायरीपासून. हे पैसे कंपनी देत नाही. दाजीही देणार नाहीत. तू देशील. वजावट, बंपरची निम्मी रक्कम, पत्र्याची कपात आणि बोनस गेल्याचा फरक, चारही आकडे एका कागदावर मांड आणि ताईच्या हातात दे. ती 'राहू दे रे' म्हणेल. भाऊ म्हणून म्हणेल. तू राहू द्यायचं नाही.

खरचटण्याएवढंच लागलं असतं तर मीच म्हणाले असते, क्लेम करू नकोस, खिशातून दुरुस्त कर, बोनस वाचव. इथे दरवाजा, बंपर, हेडलाइट आणि माणूस, चारही गोष्टी आहेत. माणसाला लागलंय म्हणजे कंपनीला लेखी कळवणं टाळताच येत नाही.

तर हा फॉर्म फाड. दुसरा डाउनलोड कर. चालवणाऱ्याचं नाव तुझं, लायसन्सवर आहे त्याच स्पेलिंगने. मालकाशी नातं, भाऊ. मालकाची परवानगी होती का, होय. अपघात कसा झाला या रकान्यात 'अचानक समोर आला' असली पळवाट नको. वळणावर पुढे जाताना, असं लिही. पंचनाम्याची आणि एफआयआरची प्रत जोड, केसपेपर जोड, लायसन्सची झेरॉक्स जोड. घाटात दिलेल्या पाच हजारांचं आणि त्या चिठ्ठीचं पत्राने कंपनीला कळव, लपवू नकोस. गॅरेजवाल्याला सांग, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही. संध्याकाळी त्या गवंड्याकडे जा. दाव्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. औषधं आणली का, घरात काय लागतंय, एवढंच विचार आणि ते आणून दे.

दाजींना फोन नंतर. आधी ताई. सही तिची आहे, गाडी तिची आहे, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हातात स्टिअरिंग दिल्याचं तिला अजून माहीत नाही. घरीच आहे म्हणालास ना? लाव फोन. आणि स्पीकरवर टाक.